पंखा हळू का फिरतो?

उन्हाळा तोंडावर आला की महाराष्ट्रातल्या घराघरांत एक तक्रार हटकून ऐकू येते: पंखा पूर्वीसारखा फिरत नाही. रेग्युलेटर पाचावर नेला तरी पाती मोजता येतील इतक्या सावकाश फिरतात. बहुतेक घरांत यावर दोनच उपाय असतात. एक तर वायरमनला फोन करायचा, नाहीतर ‘जुनाच झालाय आता’ म्हणून नवा पंखा आणायचा. तिसरा उपाय थोड्याच घरांत असतो, कारण तिथे एखादा हौशी खटपट्या राहत असतो. दिवसा तो बँकेत, शाळेत किंवा कचेरीत कामाला जातो आणि रात्री जेवणे आटोपली की गॅलरीतल्या लहानशा टेबलाशी बसतो. दिवाळीच्या मिठाईच्या रिकाम्या डब्यांत त्याचे स्क्रू, वायसर आणि जुन्या सर्किटांतून काढलेले सुटे भाग असतात. शेजारीपाजारी बंद पडलेली इस्त्री त्याच्या हवाली करतात, घरचे त्याच्या पसाऱ्यावर कुरकुरतात. अशा माणसाबद्दल आपण प्रेमाने बोलतो, पण जरा वरवरचेच बोलतो. त्याच्या हातात कला आहे, तो पैसे वाचवतो, वस्तू वाया जाऊ देत नाही, वगैरे. यात खोटे काही नाही, पण त्याच्या छंदातली सर्वांत मोलाची गोष्ट यातून निसटते. त्याचे बरेचसे काम पाना-पकडीने होतच नाही. बिघाड जिथे दिसतो तिथेच तो असेल असे न मानता कारणाचा माग काढत जाणे, हे ते काम. ही शिस्त आपल्या शाळांत फारशी शिकवली जात नाही, बाजारात येणारा माल तिला दिवसेंदिवस अवघड करत चालला आहे, आणि आपण तिला कौतुकाने ‘जुगाड’ म्हणतो तेव्हा तिची किंमत कमीच करतो.

पंख्याचेच घेऊ. तो हळू फिरण्याची नेहमीची कारणे चार. विजेचा दाब कमी असेल, रेग्युलेटर बिघडला असेल, बेअरिंग कोरडे पडले असेल, किंवा छताजवळच्या वाटीखाली दडलेला कपॅसिटर उतरला असेल. घाईतला माणूस यातले त्याला ठाऊक असलेले एखादे कारण उचलतो आणि तो भाग बदलून मोकळा होतो. लागला तर लागला. मुरलेला खटपट्या सुरुवातीला काहीच उघडत नाही. चालू पंखा बंद करतो आणि नुसता बघत राहतो. पाती बराच वेळ सहज फिरत राहून थांबली तर बेअरिंगवर संशय घ्यायचे कारण नाही. घरघर करत चटकन थांबली तर आहे. शेजारच्या खोलीतला पंखा नेहमीच्या वेगाने फिरत असेल तर विजेच्या दाबाला बोल लावता येत नाही. रेग्युलेटर वगळून पंखा थेट जोडून पाहिला आणि वेग तेवढाच राहिला, तर रेग्युलेटरही सुटला. एकही पैसा न खर्चता चारातली तीन कारणे बाद झाली. मग मेन स्विच बंद करून स्टुलावर चढायचे, कपॅसिटर काढून त्यात साठलेली वीज आधी उतरवायची आणि मल्टिमीटर लावायचा. कपॅसिटरच्या अंगावर छापलेले असते २.५ मायक्रोफॅरड, मीटर दाखवतो दीडच्या आसपास. नवा कपॅसिटर शंभर रुपयांच्या आत मिळतो आणि बसवायला दहा मिनिटे लागतात. ही दहा मिनिटे तेवढी लोकांना दिसतात, आणि त्यांनाच आपण दुरुस्ती म्हणतो.

इथे थांबायला हरकत नसते, पण खटपट्या सहसा थांबत नाही. कपॅसिटर उतरला म्हणजे नेमके काय झाले, हा प्रश्न त्याला सोडवत नाही. घरातल्या विजेवर एकच गुंडाळी चालवली तर तिचे चुंबकीय क्षेत्र जागच्या जागी उलटसुलट होत राहते, फिरत नाही. ते फिरायला हवे तर दुसऱ्या गुंडाळीतला प्रवाह पहिलीच्या थोडा पुढेमागे असावा लागतो, आणि हे काम कपॅसिटर करतो. म्हणून कपॅसिटर पूर्ण गेलेला पंखा नुसता गुणगुणतो, आणि हाताने ढकलाल त्या दिशेला, सुलट किंवा उलट, रडतखडत फिरू लागतो. कपॅसिटरच्या आत प्लास्टिकची पातळ फिल्म असते आणि तिच्यावर केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही पातळ असा धातूचा थर. विजेचा एखादा झटका आला की फिल्मला सूक्ष्म भोक पडते, पण त्याच क्षणी भोकाभोवतीचा धातू उडून जातो आणि शॉर्ट सर्किट आपोआप मिटते. कपॅसिटर स्वतःला बरा करतो, पण प्रत्येक वेळी थोडा धातू गमावून. अशी कित्येक भोके पडली की त्याची क्षमता खाली येते. पंखा नेमका कधीपासून हळू झाला हे घरात कोणालाच सांगता येत नाही, त्याचे कारण हेच. ‘जुना झाला’ हे निदान नव्हे. पत्रा, पाती, गुंडाळी यांतले काहीही जुने झालेले नसते. सबंध यंत्रातला एक स्वस्त भाग, तो ज्या रीतीने झिजायचा त्या रीतीने झिजलेला असतो.

खटपट्या म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुरुषच येतो, हेही तपासून पाहण्यासारखे आहे. मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या शिवणयंत्राचे तेलपाणी, बॉबिन, दोऱ्याचा ताण हे सारे बायकांनीच सांभाळले आणि त्याला कोणी तंत्रज्ञान म्हटले नाही. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे गुंते पडू लागले की नवशिकी मुलगी बॉबिनची केस काढून तिचा स्क्रू फिरवत बसते. सरावलेली बाई वर बघते. गुंता खाली दिसतो, पण बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो: तो ताण देणाऱ्या चकत्यांमधून नीट ओवलेला नसतो, सैल सुटतो आणि खाली साचतो. लक्षण एकीकडे, कारण दुसरीकडे. पंख्याशी झुंजणारा खटपट्या आणि शिवणयंत्राशी झुंजणारी आजी यांची विचार करण्याची रीत एकच आहे. फरक इतकाच की एकाच्या कामाला छंद म्हणतात आणि दुसरीच्या कामाला घरकाम.

अशा माग काढण्यातून मोठे काही हाती लागते का, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे सर्वांत भक्कम उत्तर ग्लासगोत आहे. तिथल्या विद्यापीठात न्यूकोमेनच्या वाफेच्या इंजिनाची एक छोटी प्रतिकृती होती. ती धड चालत नव्हती. लंडनच्या कारागिराकडे पाठवूनही उपयोग झाला नव्हता. १७६३-६४ च्या हिवाळ्यात ती विद्यापीठासाठी उपकरणे बनवणाऱ्या जेम्स वॅटकडे दुरुस्तीला आली. त्याने ती चालू केली, पण चार-दोन फेरे मारून ती दम टाकी. बॉयलर तर प्रतिकृतीच्या मानाने पुरेसा दिसत होता. वॅटने मोजमाप घेतले तेव्हा कळले की एका फेऱ्याला सिलिंडर भरायला लागावी त्याच्या कितीतरी पट वाफ खर्च होत होती. इंजिन वाफ थंड करण्यासाठी सिलिंडरमध्येच गार पाणी सोडत असे. त्यामुळे दर फेऱ्याला सिलिंडर गार होई आणि पुढच्या वाफेचा मोठा भाग तो पुन्हा तापवण्यातच जाई. मोठ्या इंजिनातही हेच होत होते. पण लहान सिलिंडरमध्ये आतल्या जागेच्या मानाने भिंतीचा पृष्ठभाग जास्त, म्हणून प्रतिकृतीत दोष उठून दिसला. आकाराने लहान केल्यामुळे बिघडलेल्या वाटणाऱ्या यंत्राने मूळ यंत्राचाच दोष उघड केला. १७६५ मध्ये वाफ वेगळ्या भांड्यात थंड करण्याची कल्पना वॅटला सुचली, १७६९ मध्ये पेटंट मिळाले, आणि पुढचे औद्योगिक क्रांतीच्या इतिहासात आहेच. वॅट धंदेवाईक होता, हौशी नव्हता, हे मान्य. पण त्याला मिळालेले काम होते ‘हे चालू करून द्या’ एवढेच. ते चालू झाल्यावरही तो ‘असे का’ विचारत राहिला. तो आगाऊ प्रश्न हाच खटपट्याचा छंद.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला व्यवहाराचा: यात पैसे वाचतात का? प्रामाणिक उत्तर असे की बरेचदा वाचत नाहीत. तीन संध्याकाळी घालवून चारशे रुपयांचा टेबल लॅम्प दुरुस्त करणाऱ्याने आपल्या वेळेची मजुरी धरली तर हिशेब हास्यास्पद होतो. काही वेळा तर दुरुस्त न करणेच शहाणपणाचे. जुन्या धाटणीचा छताचा पंखा साधारण ७५ वॉट वीज घेतो, नवा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा तेवढ्याच वाऱ्यासाठी तिशीच्या आसपास. ४५ वॉटचा फरक धरला, पंखा रोज १२ तास आणि वर्षात २५० दिवस चालला, तर वर्षाला १३५ युनिट वाचतात. शहरातल्या दरांनी हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टारचे लेबल सक्तीचे झाले आहे, त्यामुळे ही तुलना दुकानातच करता येते. कारणाचा माग काढणारा माणूस हाही हिशेब करतो आणि कधी कधी चांगला चालू केलेला पंखा स्वतःच भंगारात देतो. पर्यावरणाचे म्हणाल तर २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला, असे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा २०२४ चा अहवाल सांगतो. गॅलरीतल्या टेबलांवरून या डोंगराला ओरखडाही जाणार नाही. म्हणून या छंदाचे समर्थन बचतीवर किंवा कचऱ्यावर उभे करू नये. ते तिथे टिकत नाही.

दुसरा आक्षेप वरून कौतुकासारखा दिसतो. आपण भारतीय मुळातच जुगाडू, आपल्याला हे कोणी शिकवायला नको, असे अभिमानाने म्हटले जाते. मला हा अभिमान पटत नाही. सरकारच्या ‘उजाला’ योजनेतून २०१५ पासून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. आज ते आणि त्यांचे भाऊबंद घराघरांत आहेत आणि बंदही पडतात. बल्बचा पांढरा घुमट काढला की आत एका चकतीवर पिवळसर ठिपके दिसतात, जुन्या दिव्यांच्या माळेसारखे एकापाठोपाठ एक जोडलेले. एक गेला की सगळे जातात, आणि गेलेल्यावर बहुधा काळा डाग असतो. त्यावर सोल्डरचा ठिपका टाकून दोन टोके जोडली की बल्ब लागतो. हा अस्सल जुगाड. बघणाऱ्याला जादू वाटते. पण उरलेल्या ठिपक्यांवर किंवा त्यांना वीज पुरवणाऱ्या भागावर ताण वाढलेला असतो, आणि लवकरच पुढचा काळा डाग उमटतो. जुगाड वस्तू चालू झाल्याक्षणी समाधान मानतो. खटपट्याचा प्रश्न वेगळा: तो एक ठिपका गेलाच का? उत्तर बहुतेक वेळा उष्णता हे असते. कमी ठिपक्यांतून जास्त उजेड काढण्यासाठी त्यांना ताणून चालवलेले असते आणि बंद घुमटात ती धग बाहेर पडत नाही. हे कळलेले लोक आतला एक रेझिस्टर बदलून प्रवाहच कमी करतात. उजेड थोडा घटतो, बल्ब खूप जास्त टिकतो. हा विचार कारखान्यालाही परका नाही. २०१६ मध्ये दुबईच्या नगरपालिकेसाठी फिलिप्सने काढलेल्या बल्बमध्ये एलईडी जास्त घालून प्रत्येकाला हलकेच चालवले आणि दर वॉटला २०० ल्यूमेनपर्यंत उजेड मिळवला. म्हणजे टिकाऊ आणि काटकसरी बल्ब कसा बनवायचा हे ठाऊक होते. साध्या बल्बमध्ये एलईडी कमी घातले की तो स्वस्त पडतो, इतकेच.

तिसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. मेकॅनिकचे पोट ज्या कामावर चालते ते काम पगारदार माणसाने हौसेखातर फुकट करावे, यात एक प्रकारचा माज नाही का? यात तथ्य आहे. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काउंटरमागे बसलेला माणूस आवाजावरून मोटर ओळखतो, आणि त्याच्या त्या ज्ञानाला प्रमाणपत्र नसते, प्रतिष्ठाही नसते. हौशी माणूस तेच ज्ञान त्याच्याकडून शिकतो आणि मग पार्टीत कौतुक करून घेतो. तरी दोघांच्या कामात एक खरा फरक आहे, तो वेळेचा. दुकानदाराच्या पुढ्यात दहा मिक्सर रांगेत असतात आणि गिऱ्हाईक दोनशेच्या वर द्यायला तयार नसते. सर्किटच्या पट्टीवरचा दहा रुपयांचा भाग शोधण्यात दोन तास घालवणे त्याला परवडत नाही. तो अख्खी पट्टी बदलतो, आणि त्याच्या जागी तेच बरोबर आहे. हौशी माणसाचे तास विकायचे नसतात, म्हणून त्याला मुळापर्यंत जाता येते. शिवाय सुट्या भागांचे बाजार चालू राहतात ते काही अंशी अशाच गिऱ्हाइकांवर. एकच कपॅसिटर मागायला आलेला माणूस हा तिथला नेहमीचा चेहरा आहे.

पण माज या शब्दामागे आणखी जुने काही आहे. आपल्या समाजात विचार करणारे डोके आणि काम करणारे हात जन्मानेच वेगळे केले गेले. लोखंडाला हात लावायचा तो लोहाराने, लाकडाला सुताराने. लिहिणाऱ्या-वाचणाऱ्याने फार तर देखरेख करायची. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले ते १८८८ मधले. सायकली विकता-दुरुस्त करता करता ते कडबा कापण्याच्या यंत्रांकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. पांढरपेशा घरातल्या माणसाने हाताला ग्रीस लावून घेण्याचे हे उदाहरण आजही वारंवार सांगितले जाते, यावरूनच ते किती अपवादाचे होते ते कळते. हाताच्या कामातून शिक्षण देण्याचा विचार गांधीजींनी ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत मांडला; ‘नई तालीम’ या नावाने तशा शाळाही निघाल्या, पण मुख्य प्रवाहातल्या शाळांनी त्यातला सूतकताईचा तास ठेवला आणि विचार सोडून दिला. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो हाच धागा पुन्हा पकडून. तिथली मुले वेल्डिंग, वायरिंग, शेती, आरोग्य यांतली खरी कामे करत विज्ञान शिकतात. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेर उभ्या राहिलेल्या पहिल्या काही फॅब लॅबपैकी, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याच्या कार्यशाळांपैकी, एक २००२ मध्ये इथे, शिरूर तालुक्यातल्या या गावात निघाली, हे शहरातल्या कितीतरी इंजिनिअरिंग कॉलेजांना ठाऊक नसते. खटपट्याचा छंद माजोरी होतो तो मेकॅनिकला कमी लेखले तर. एरवी डोके आणि हात यांची ती फाळणी एका घरापुरती तरी तो मोडतो.

धोक्याचा आक्षेप थोडक्यात घेता येणार नाही, कारण तो खरा आहे. मायक्रोवेव्हमधला ट्रान्सफॉर्मर घरातली २३० व्होल्टची वीज दोन हजारांच्या घरात नेतो आणि त्याचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा असू शकतो. फुगलेली लिथियम बॅटरी स्क्रू ड्रायव्हरने उचकटणे म्हणजे आगीला बोलावणे. वर सांगितलेल्या एलईडी बल्बचीही आतली चकती थेट घरच्या विजेला जोडलेली असू शकते. चालू असताना तिला बोट लावायचे नाही. जाणता हौशी माणूस मायक्रोवेव्ह उघडत नाही, गॅसच्या रेग्युलेटरशी खेळत नाही, एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि स्विच बंद आहे यावर विश्वास न ठेवता टेस्टर लावून बघतो. वस्तू उघडलीच नाही म्हणून मात्र सुरक्षितता आपोआप येत नाही. आपल्याकडे प्लग तुटला की वायरीची सोललेली टोके सॉकेटमध्ये घालून काडेपेटीच्या काड्या खुपसणारे लोक आहेत. तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन अडते म्हणून ती काढून टाकणारे आहेत. ती पिन अर्थिंगची असते. इस्त्रीच्या किंवा फ्रिजच्या पत्र्यात वीज उतरली तर तिला जमिनीकडे जायची वाट देणारी. ही माणसे वस्तू उघडत नाहीत, दुरुस्त करत नाहीत, आणि तरी रोज जिवाशी खेळतात. ज्याने एकदा इस्त्री उघडून हिरवी वायर कुठे जाते ते पाहिले, तो ती पिन काढणार नाही.

शेवटचा आक्षेप हा की हा सगळा खेळ आता संपत आला आहे. नव्या वस्तू उघडण्याजोग्याच राहिलेल्या नाहीत. खटपट करता येते ती मुळात कोणीतरी मापे ठरवून दिली म्हणून. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांची मापे एकसारखी करण्याचा आराखडा मांडला, त्याआधी एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसेलच असे नव्हते. आज पंख्यात असते ते ६२०२ क्रमांकाचे बेअरिंग सांगलीत घ्या की सिंगापुरात, आतला व्यास १५ मिलिमीटर आणि बाहेरचा ३५ असणारच. स्केटच्या चाकांतले ६०८ बेअरिंग घरगुती त्रिमितीय प्रिंटर बनवणाऱ्यांनी सर्रास वापरले, कारण ते कुठेही आणि स्वस्त मिळते. अनोळखी माणसाने अनोळखी वस्तू बनवावी, आणि तिसऱ्याने ती दुरुस्त करावी, हे या सामायिक मापांमुळे शक्य होते. याच्या उलट दिशेने फोन आणि लॅपटॉप गेले: पाच पाकळ्यांचे खास स्क्रू, गोंदाने चिकटवलेली बॅटरी, आणि दुसऱ्याने भाग बदलला तर त्याला ओळखायला नकार देणारे सॉफ्टवेअर. कंपन्यांची बाजू पूर्ण पोकळ नाही. गोंदामुळे पाणी आत जात नाही, वस्तू पातळ होते, आणि आतली चिप जुन्या व्हॉल्व्हपेक्षा कितीतरी भरवशाची असते. चिप उघडून द्या असे कोणी म्हणत नाही. पण बॅटरी, बेअरिंग, कार्बन ब्रश, कपॅसिटर हे भाग झिजणार हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असते. जे नक्की झिजणार आहे तिथपर्यंत साध्या स्क्रू ड्रायव्हरने पोहोचता आले पाहिजे, एवढी मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. युरोपीय संघाने ती फेब्रुवारी २०२७ पासून कायद्यात आणायचे ठरवले आहे: काही अपवाद वगळता लहान उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे.

भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्यात शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे घेतली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू झाले. त्यावर बहुतांश भर आहे तो अधिकृत सेवा केंद्रांचे पत्ते आणि वॉरंटीच्या अटी यांवर. २०२४ मध्ये मोबाइल आणि घरगुती उपकरणांच्या दुरुस्ती-निर्देशांकासाठी वेगळी समिती झाली. असा निर्देशांक फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून आहे. दुकानातल्या लॅपटॉपवर किमतीशेजारी दहापैकी किती गुण ते लिहिलेले असते. हे गुण पाच गोष्टींसाठी मिळतात: तांत्रिक माहिती, उघडण्यातली सोय, सुट्या भागांची उपलब्धता, त्यांची किंमत आणि त्या त्या वस्तूचे खास निकष. आपल्याकडच्या चर्चेत सुटे भाग आणि सेवा केंद्रे पुढे असतात, माहिती मागे पडते. पण पंख्याच्या उदाहरणात कपॅसिटर मिळायला कधीच अडचण नव्हती. तोच गेला आहे हे ठरवणे हेच काम होते. वॉशिंग मशीनच्या पट्टीवर कुठल्या ठिकाणी किती व्होल्ट यायला हवेत, पडद्यावर झळकणाऱ्या बिघाडाच्या आकड्याचा अर्थ काय, हे कागद कंपन्यांकडे तयार असतात, पण ते बाहेर पडतात फक्त अधिकृत केंद्रांसाठी. फ्रान्सच्या निर्देशांकात माहिती दुरुस्ती करणाऱ्यांना किती वर्षे मिळते आणि ग्राहकाला किती, याचे गुण वेगवेगळे मोजतात. आपला निर्देशांक येईल तेव्हा त्यात हा दुसरा रकाना असावा, आणि वॉरंटी संपलेल्या यंत्राचे सर्किट मागेल त्याला मिळावे, मग तो मागणारा मेकॅनिक असो की गॅलरीत बसणारा कारकून.